सक्तीची सैन्यभरती आणि सुगीचे मनुष्यबळ : सूट कोणाला आणि खुडा कोणाच्या भरवशावर?

गोदाकाठ (धागाकर्ता), नाशिक

आपल्या देशात सक्तीची सैन्यभरती नाही. तरीही 'प्रत्येक तरुणाने दोन वर्षे लष्करात काढलीच पाहिजेत' हे वाक्य बाजार समितीत लिलाव आटोपल्यावरच्या चहापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत अधूनमधून कानावर पडते. नाशिक जिल्ह्यात ते बोलणारा बहुधा बागाईतदार असतो, आणि थोड्याच वेळात तोच गृहस्थ यंदा मजुरांची टोळी मिळत नसल्याची तक्रार करू लागतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

ज्या देशांनी सक्तीची भरती केली, तिथे शेतीचे काय झाले याचा इतिहास बराच उपलब्ध आहे. फ्रान्समध्ये ऑगस्ट १९१४ च्या पहिल्या दोन दिवसांत लामबंदी (युद्धासाठी सैन्याची जमवाजमव) झाली तेव्हा गव्हाची कापणी चालू होती. पंतप्रधान रेने व्हिव्हियानी यांना त्याच महिन्यात शेतकरी स्त्रियांना जाहीर आवाहन करावे लागले, की रणांगणावर गेलेल्यांचे उरलेले पीक तुम्ही घरात आणा. ब्रिटनने जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी शेतीच्या कामासाठी स्त्रियांचे 'लँड आर्मी' हे दल उभारले. जर्मन युद्धकैद्यांनाही शेतावर पाठवले. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात ऑगस्ट १९४२ मध्ये मेक्सिकोशी करार करून तिकडून मजूर आणले. तात्पुरती म्हणून सुरू झालेली ती 'ब्रासेरो' योजना १९६४ पर्यंत चालली.

या सगळ्यांत मला सर्वांत बोलके वाटते ते पहिल्या महायुद्धातल्या रशियाचे उदाहरण. तिथे सुमारे दीड कोटी माणसे सैन्यात ओढली गेली आणि त्यांतली बहुसंख्य खेड्यांतली होती. इतके हात गेल्यावर शेती बसलीच असेल असे आपण गृहीत धरतो. पण लहान शेतकऱ्यांच्या कुटुंबांनी स्त्रिया, म्हातारे आणि मुले यांच्या बळावर आपापली पेरणी बरीचशी टिकवून धरली. पेरा झपाट्याने घटला तो जमीनदारांच्या मोठ्या इस्टेटींवर, कारण तिथले काम रोजंदारीच्या मजुरांवर अवलंबून होते. बाजारात येणाऱ्या धान्यात या इस्टेटींचा वाटा मोठा असल्यामुळे शहरांना त्याची झळ बसली.

म्हणून माझे म्हणणे असे, की किती माणसे सैन्यात गेली या आकड्यावरून सुगीचे काय होईल ते ठरत नाही. माणसे कोणत्या पंधरवड्यात गेली, आणि ते पीक घरच्या हातांवर उभे होते की भाड्याच्या, यावर ते ठरते. या कसोटीवर निफाड-दिंडोरीची द्राक्षबाग त्या रशियन इस्टेटीच्या जवळची आहे, भले ती दोन एकरांची का असेना.

निफाडचा बागाईतदार

विषय चांगला काढला आहे, परंतु 'इस्टेट' हा शब्द खटकला. दोन एकरांवर कर्ज काढून उभ्या केलेल्या बागेला इस्टेट म्हणणे म्हणजे थट्टाच झाली.

पंधरवड्याचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा आहे, किंबहुना आमच्याकडे पंधरवडाही फार झाला. निर्यातीच्या मालाचा खुडा कसा ठरतो हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. मण्यांत साखर उतरली, औषधांच्या अंशाचा तपासणी अहवाल आला आणि कंटेनरची तारीख मिळाली, या तिन्ही गोष्टी जुळल्या की व्यापारी सांगतो, 'उद्या सकाळी खुडा.' दिवस तापायच्या आत घड उतरवावे लागतात. घड देठाला धरायचा, मण्यांवरच्या पांढऱ्या लवेला बोट लागू द्यायचे नाही. कात्रीच्या टोकाने तडकलेला किंवा डागी मणी तेवढा काढायचा आणि शेजारच्या मण्याला टोक लागू द्यायचे नाही. क्रेट सावलीत ठेवायचे आणि शक्य तितक्या लवकर शीतगृहात पोहोचवायचे. हे काम करणारी टोळी वर्षानुवर्षे तीच असते, कारण नवशिक्या माणसाच्या हाताखालून गेलेला माल पॅकहाउसमध्ये बाजूला काढला जातो. अवेळी पाऊस आला तर मणी तडकतात. त्या वेळी दोन दिवस टोळी मिळाली नाही तर पुढच्या आठवड्यात तिला बोलावण्यात काही अर्थ उरत नाही.

खुड्याच्या आधीही ऑक्टोबर छाटणी, फूट काढणे, विरळणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे) ही सगळी कामे हातांचीच आहेत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा काय होते याची चुणूक आम्ही पाहिली. बागेत राहणाऱ्या टोळ्या होत्या तिथे माल निदान उतरला. पण पॅकिंगची माणसे, गाड्या आणि बाजार एकदम थांबले, आणि निर्यातीच्या दर्जाचा माल कित्येकांना बेदाण्याच्या जाळीवर टाकावा लागला. तेव्हा सक्तीची भरती कधी आलीच तर शेतीला सरसकट सूट असली पाहिजे, एवढेच माझे मत.

इतिहासवेडा

सरसकट सूट मागणाऱ्यांनी कॅनडाचा अनुभव ध्यानात घ्यावा. तिथे १९१७ साली सक्तीच्या भरतीचा कायदा झाला आणि त्या वर्षीच्या डिसेंबरातल्या निवडणुकीपूर्वी सरकारने शेतकऱ्यांच्या मुलांना सूट देण्याचे आश्वासन दिले. शेतकऱ्यांनी त्यावर विश्वास ठेवून मते दिली. मार्च १९१८ मध्ये जर्मनीने पश्चिम आघाडीवर मोठी चढाई केली आणि एप्रिलमध्ये, म्हणजे ऐन वसंताच्या पेरणीत, वीस ते बावीस वयाच्या तरुणांची सूट सरकारने रद्द केली. मे महिन्यात हजारो शेतकरी ओटावात धडकले, परंतु पंतप्रधान रॉबर्ट बोर्डन मागे हटले नाहीत. त्याचा राग पुढच्या वर्षी मतपेटीतून निघाला आणि ओंटारिओ प्रांतात शेतकऱ्यांच्या संघटनेचे सरकार आले. सूट ही युद्ध बरे चालले असेपर्यंतच टिकते, असा याचा अर्थ.

आपल्या इतिहासातली व्यवस्था वेगळी होती. शिवकाळात फौज पावसाळ्यात छावणीला परतत असे आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीला निघत असे. शेतकरी आणि शिपाई ही बऱ्याच घरांत एकाच माणसाची दोन कामे होती आणि लष्करी वर्षाची आखणी पावसाच्या कलाने होत होती. शेतीचे पंचांग लष्कराने पाळावे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही.

कांदाचाळ, चांदवड

इतिहासवेडा यांच्या दुसऱ्या परिच्छेदाबद्दल एक शंका आहे. दसऱ्याला निघालेला माणूस आठ महिने बाहेर राहत असेल, तर खरिपाची पेरणी त्याच्या हातून होत असेलही, परंतु त्याची काढणी बऱ्याच अंशी आणि रब्बीचे पीक तर संपूर्णपणे मागे राहिलेल्यांनीच उरकले असणार. मागे कोण राहिले होते, हे मोहिमांच्या वर्णनांत येत नाही. व्हिव्हियानी यांनी निदान जाहीर आवाहन तरी केले.

आमच्याकडे आजही उन्हाळ कांद्याची लागवड आणि काढणी मुख्यतः बायकांच्याच हाताने होते. रोप उपटणे, वाफ्यात बसून लावणे, मार्च-एप्रिलमध्ये उपटून पात कापणे, प्रतवारी करून चाळीत भरणे, ही कामे बसून, वाकून, उन्हात करायची असतात. पुरुष ट्रॅक्टर, फवारणी, पाणी आणि बाजार सांभाळतात. तेव्हा भरतीत पुरुष गेले तर 'स्त्रिया त्यांची जागा घेतील' हे वाक्य मला अर्धवट वाटते. स्त्रिया शेतात आधीपासूनच आहेत. त्यांच्यावर ट्रॅक्टर, रात्रीच्या विजेवर पाणी भरणे आणि मार्केटच्या चकरा ही कामे वाढतील, आणि पात कापायला हात कमी पडतील.

सोव्हिएत रशियात दुसऱ्या महायुद्धात नेमके हेच झाले. सामूहिक शेतांवर स्त्रियाच नांगरत, ट्रॅक्टर चालवत आणि कापणी करत होत्या, आणि १९४२ मध्ये सरकारने प्रत्येकाने भरावयाच्या कामाच्या दिवसांची किमान संख्याही वाढवली. तरीदेखील १९४० साली साडेनऊ कोटी टनांच्या आसपास असलेले धान्योत्पादन १९४५ मध्ये त्याच्या निम्म्यावर होते. त्याला भूप्रदेशाची नासधूस, घोडे आणि यंत्रे लष्कराने नेणे हीही मोठी कारणे होती, हे खरे. माणसांबरोबर जनावर आणि यंत्रही जाते, ही गोष्ट या धाग्यावर अजून कोणी मांडलेली नाही.

निवृत्त तोफची, देवळाली

मी तोफखान्यात नोकरी केली आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. भारतीय सैन्य स्वेच्छाभरतीचे आहे आणि दोन्ही महायुद्धांतही ते औपचारिकदृष्ट्या तसेच होते. दुसऱ्या महायुद्धात त्याची संख्या पंचवीस लाखांच्या घरात गेली. आजही अडचण माणसे न मिळण्याची नसून जागा कमी असण्याची आहे. सिन्नर-चांदवडच्या रस्त्यांवर पहाटे पळणारी मुले पाहा. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हा पहिल्या वर्षाच्या जागा ४६,००० होत्या, सेवा चार वर्षांची आणि पुढे कायम होणारे जास्तीत जास्त पंचवीस टक्के. एवढ्या भरतीने जिल्ह्यातल्या मजुरीवर फरक पडत नाही. तोफेवरचा माणूस तयार करायला वेळ आणि पैसा लागतो. दोन वर्षांसाठी जबरदस्तीने आणलेला, मनाने शेतात असलेला मुलगा कोणत्याही तुकडीला नको असतो. म्हणून 'सक्ती आली तर' हा प्रश्न मला काल्पनिक वाटतो.

गोदाकाठ

तोफची साहेबांचा अनुभव मान्य, परंतु 'औपचारिकदृष्ट्या' या शब्दात बरेच काही झाकले जाते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पंजाबात लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओडवायर यांच्या कारभारात जिल्ह्याजिल्ह्याला भरतीचे आकडे ठरवून दिले गेले आणि ते भरताना जैलदार-लंबरदार या गावपातळीवरच्या सरकारी कारभाऱ्यांमार्फत किती जुलूम झाला, हे पुढे जाहीरपणे मांडले गेले. त्याच १९१८ साली खेडा जिल्ह्यात गांधीजी सैन्यभरतीसाठी फिरले, तेव्हा काही महिन्यांपूर्वी साराबंदीच्या सत्याग्रहात त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांनी त्यांना फारसा प्रतिसाद दिला नाही. कायद्याने सक्ती नसतानाही ती गावापर्यंत पोहोचू शकते.

शिवाय आपल्या राज्यघटनेचा अनुच्छेद २३ वेठबिगारी आणि सक्तीच्या मजुरीला मनाई करतो, परंतु त्याच अनुच्छेदाचा दुसरा खंड सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्याला देतो. अट एवढीच, की त्यात धर्म, वंश, जात किंवा वर्ग एवढ्याच कारणावरून भेदभाव करता येणार नाही. तेव्हा हा प्रश्न अगदीच हवेतला नाही.

पेठ-सुरगाणा

इतका वेळ वाचत होतो. आमच्या घरची दोन पिढ्यांची हयात निफाड-दिंडोरीच्या बागांत मजुरी करण्यात गेली आणि आता मी शिकून नाशिकला नोकरी करतो, म्हणून चार ओळी लिहितो.

आमच्या भागात भात-नागली निघाली की माणसे जगायला खाली उतरतात आणि पावसाच्या तोंडावर भाताच्या आवणीसाठी (लावणीसाठी) परत जातात. शिमग्याला टोळ्या गावी येतातच, मग बागेत घड कितीही तयार असोत. त्या आठवड्यात बागाईतदाराची काय घालमेल होते ते मी मुकादमाच्या फोनवर ऐकलेले आहे. म्हणजे एका सणाने आठवडाभर काम अडते, तर दोन वर्षांच्या भरतीने काय होईल हे सांगायला नको.

परंतु निफाडच्या दादांनी जी सरसकट सूट मागितली, ती कोणाला मिळेल? सूट देताना अधिकारी कागद विचारणार. ज्याच्याकडे सातबारा आहे त्याचा मुलगा शेतकरी ठरेल. जो वर्षातले काही महिने एका तालुक्यात कांदा लावतो, काही महिने दुसऱ्या तालुक्यात घड उतरवतो आणि पावसाळ्यात स्वतःच्या वनपट्ट्यावर भात लावतो, त्याचा धंदा कोणत्या रकान्यात लिहिणार? कॅनडाच्या गोष्टीतही सूट 'शेतकऱ्यांच्या मुलांना' होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत शेतीवरील माणसाला सूट देताना त्या शेतावर किती एकर कोणते पीक आणि किती दुभती जनावरे आहेत यावरून गुण मोजले जात. वर्षभर एका गोठ्यावर राहणाऱ्याचे गुण भरत. हंगामाबरोबर फिरणाऱ्याचे कसे भरणार? युक्रेनमध्येही आज माणसे भरतीतून वगळून कामावर राखून ठेवण्याची सोय अत्यावश्यक ठरलेल्या कंपन्यांच्या नोंदणीकृत कर्मचाऱ्यांसाठी आहे. रोख मजुरीवर जाणारा माणूस त्यात बसत नाही.

म्हणजे बाग ज्याच्या नावावर आहे तो घरी राहणार आणि ज्याच्या हातांवर बाग चालते तो जाणार. धागाकर्त्यांच्या पहिल्या लेखात भाड्याच्या हातांवरची शेती आधी बसते असे लिहिले आहे. त्याचे कारण मला तरी इथे दिसते.

निफाडचा बागाईतदार

मुद्दा मान्य आहे. सूट म्हणताना माझ्या मनात टोळीही होती, परंतु कागदावर ती येणार नाही हे खरे. परदेशातून माणसे आणण्याचा मार्ग आपल्याला परवडणारा नाही. मग यंत्राचा विचार करावा काय?

कांदाचाळ, चांदवड

यंत्राचे उत्तर पीक बघून द्यावे लागते. ब्रासेरो योजना बंद झाल्यावर कॅलिफोर्नियात प्रक्रियेसाठीचा टोमॅटो काही वर्षांतच यंत्राने काढला जाऊ लागला, कारण जाड सालीचे आणि एकाच वेळी पिकणारे वाणच त्यासाठी तयार केले होते. पण खाण्याची द्राक्षे तिथेही अजून हातानेच उतरवली जातात. आपल्याकडे कांदा काढणीची यंत्रे आली आहेत, पण आमच्या लहान वाफ्यांत ती फिरवणे जिकिरीचे आहे, आणि जखमी कांदा चाळीत टिकत नाही. भरतीचा हुकूम निघाल्यावर यंत्र शोधायला गेलात तर तो हंगाम गेलाच.

आणि परदेशी मजुरांवर भिस्त ठेवणाऱ्या इस्रायलचे ऑक्टोबर २०२३ मध्ये काय झाले तेही पाहावे. सुमारे साडेतीन लाख राखीव सैनिक बोलावले गेले, पॅलेस्टिनी मजुरांना प्रवेश बंद झाला, आणि तिथल्या शेतीचा कणा असलेले थाई मजूर हल्ल्यात मारले गेल्यामुळे व ओलीस धरले गेल्यामुळे उरलेल्यांतले हजारो मायदेशी परतले. शहरातले स्वयंसेवक टोमॅटो तोडायला गेले. पुढे श्रीलंका आणि मलावी येथून माणसे आणावी लागली. लामबंदी एकटी येत नाही, ती मजुरांच्या इतर वाटाही त्याच दिवशी बंद करते.

इतिहासवेडा

म्यानमारचे उदाहरण याला जोडून द्यावेसे वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या लष्करी राजवटीने २०१० चा सक्तीच्या सेवेचा कायदा लागू केला : पुरुष १८ ते ३५ आणि स्त्रिया १८ ते २७. प्रत्यक्ष किती जण नेले यापेक्षा, नेतील या भीतीने जे तरुण थायलंडकडे किंवा डोंगरात पळाले त्यांच्यामुळे भातशेतीला माणसे मिळेनाशी झाली. इजिप्तमध्ये एकोणिसाव्या शतकात तिथला शासक महंमद अली याने फेल्लाहीनांची (गावच्या शेतकऱ्यांची) सक्तीने भरती सुरू केली, तेव्हा लोक गावे सोडून पळत आणि भरती टाळण्यासाठी स्वतःचे बोट तोडून घेत किंवा डोळा फोडून घेत. असा माणूस सैन्यालाही उपयोगी पडला नाही आणि शेतालाही पुरता उरला नाही.

निवृत्त तोफची, देवळाली

पेठ-सुरगाणा यांना एक विचारतो. आता ई-श्रमसारखी असंघटित कामगारांची नोंदणी आहे. समजा सूट मालकाला न देता, मालकाने अर्ज करून आपल्या टोळीतल्या माणसांसाठी घेतली, तर तुमचा आक्षेप दूर होईल काय? पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या स्थानिक न्यायाधिकरणांपुढे शेतमालक आपल्या नांगऱ्यासाठी, गाडीवानासाठी आणि मेंढपाळासाठी असे अर्ज करत असत.

पेठ-सुरगाणा

दूर होणार नाही, उलट वाढेल. मालकाच्या अर्जावर मिळालेली सूट मालकाकडे असेपर्यंतच चालते. अमेरिकेत नोव्हेंबर १९४२ च्या टायडिंग्ज दुरुस्तीने शेतमजुरांना सूट दिली, पण स्थानिक मंडळाच्या संमतीशिवाय शेत सोडणाऱ्याची ती सूट जात असे. युक्रेनमध्येही नोकरी सुटली की ती सोय संपते. आमच्याकडे उचल (आगाऊ मजुरी) घेतलेला माणूस मुकादमाला 'येत नाही' म्हणू शकत नाही, हे सर्वांना माहीत आहे. पण उचल निदान फेडता येते. मालकाच्या शब्दावर सीमेवर जायचे की नाही हे ठरणार असेल, तर त्या मालकाकडे मजुरी वाढवून कोण मागेल? सूट द्यायचीच असेल तर ती माणसाच्या नावावर आणि हंगामापुरती द्यावी, आणि त्या हंगामात कोणत्या बागेत जायचे हे त्याचे त्याला ठरवू द्यावे.

निफाडचा बागाईतदार

मग माझ्या खुड्याच्या दिवशी टोळी माझ्याच बागेत येईल याची खात्री काय?

पेठ-सुरगाणा

आज जी आहे तीच, दादा. ठरलेला दर, शनिवारचा पगार शनिवारी, बायामाणसांना आडोसा असलेली राहायची जागा, आणि शिमग्याला गावी जायला अडवणूक नाही. हे जिथे मिळते तिथे आमच्या पाड्यावरची टोळी दरवर्षी न बोलावता जाते.